दादा आमदारकीला अपक्ष उभा राहतोय. प्रचाराचा खर्च सरकारने द्यायला नको का?

कुळागरातली (फोंडा तालुका)

नमस्कार मंडळी, विषय घरचा आहे म्हणून जरा लांबेल, सांभाळून घ्या. माझा दादा गावात दोनदा पंच झालाय. पाण्याची लाईन, स्मशानातली शेड, मुंडकारांचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) कागद, असल्या प्रत्येक कामाला माणसांबरोबर मामलेदार कचेरीत जाऊन दिवसभर बाकावर बसणारा माणूस. आता येत्या विधानसभेला उभा राहा म्हणून आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांवरचे लोक मागे लागलेत आणि त्यानेही मनावर घेतलंय. गेल्या रविवारी जेवता जेवता तो म्हणाला, कुळागर गहाण ठेवलं तर बँक किती देईल ते बघून येतो. आई वाढत होती, तिचा हात तसाच थांबला. काही बोलली नाही. ते कुळागर आजोबांनी उभं केलेलं, सुपारी, माड, मिरवेली, पाटाचं पाणी, त्याच्यावर आमची दोघांची शिक्षणं झाली.

पंचायतीला असा पैसा लागलाच नव्हता, वॉर्डातलं प्रत्येक घर ओळखीचं, पत्रकं छापली, संध्याकाळी दारोदार फिरलो, लोकांनीच चहा पाजला. विधानसभेचं मात्र ज्याला विचारावं तो आकडाच सांगतो. एका पक्षात वावरणाऱ्या गृहस्थांनी तर दादाला तोंडावर सांगितलं, आधी कोटीत बोलायला शिक मग तिकिटाचं बघू. म्हणून तो अपक्ष म्हणतोय.

तर माझा प्रश्न. मतदान केंद्रं सरकार उभारतं, मशीन सरकारची, कर्मचारी सरकारचे, पोलीस सरकारचे. मग उमेदवाराने लोकांपुढे जाऊन आपलं म्हणणं सांगायचं, तेवढ्याच कामाला ज्याच्याकडे कुळागर असेल त्याने ते गहाण ठेवायचं आणि ज्याच्याकडे नसेल त्याने घरी बसायचं, हे कसं काय चालतं आपल्याकडे? प्रचाराचा वाजवी खर्च सरकारने उचलायचा असा काही कायदा आहे का, कधी विचार तरी झालाय का? तुमचं मत काय? मनापासून विचारतेय.

हिशोबवाला बार्देस

ताई, २०२२ च्या निवडणुकीत मी एका उमेदवाराचा खर्च लिहायला होतो म्हणून जे डोळ्याने बघितलंय ते सांगतो.

पहिली गोष्ट, रोख मदत देणारा कायदा आपल्याकडे नाही. मर्यादा आहे. गोव्यात विधानसभेला एका उमेदवाराला २८ लाख, लोकसभेला ७५ लाख. २०२२ च्या जानेवारीत वाढवून एवढी केली. अर्ज भरल्या दिवसापासून निकालापर्यंतचा सगळा खर्च त्यात धरतात. वेगळं बँक खातं उघडावं लागतं आणि निवडणूक कार्यालय एक रजिस्टर देतं, त्यात पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी पानं रोखीची आणि पिवळी पानं बँकेची. दहा हजारांच्या वर कोणालाही रोख देता येत नाही. प्रचार चालू असताना किमान तीनदा ते रजिस्टर निरीक्षकासमोर नेऊन ठेवायचं.

आमची कोपरा सभा असली की व्हिडिओवाली टीम यायची. खुर्च्या मोजायची, माईक किती, मांडव केवढा, गाड्या किती उभ्या. जिल्ह्याचं दरपत्रक असतं, खुर्चीचं दिवसाचं भाडं, चहाचा कप, जीपचं भाडं, सगळ्याचे दर त्यात छापलेले, त्याप्रमाणे ते आपल्या रजिस्टरमध्ये खर्च लावतात आणि आपलं रजिस्टर त्याच्याशी जुळवतात. एकदा आमच्या सभेला मंडपवाल्याने खुर्च्या जास्त आणून रचून ठेवल्या होत्या, कोणी बसलंच नव्हतं त्यांच्यावर, त्यासुद्धा आमच्या नावावर लागल्या आणि मी दोन दिवस त्या खुर्च्यांसाठी पत्रं लिहीत होतो. म्हणजे साध्या उमेदवारावर नजर एवढी बारीक!

आणि आता मोठं भोक बघा. ही २८ लाखांची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला कसलीच मर्यादा नाही. पक्षाने पक्षाच्या नावाने होर्डिंग लावले, पेपरात पानभर जाहिरात दिली, स्टार प्रचारक विमानाने आणले, यात उमेदवाराचं नाव-फोटो नसला तर त्याच्या खात्यात काही येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७४ साली म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खर्चात धरा, तर संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ते पुसून टाकलं. पक्ष आपला हिशोब निवडणुकीनंतर आयोगाला देतात, त्यातूनच २०२२ चे गोव्याचे आकडे बाहेर आले. तृणमूलने ४७.५४ कोटी दाखवले, भाजपने १७.७५ कोटी. साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार असलेल्या राज्यात! भागून बघा, एकट्या तृणमूलचे मतदारामागे चारशे रुपयांच्या वर जातात.

तुमच्या दादासारख्याला २८ लाखांची मर्यादा छताएवढी उंच आणि पक्षवाल्यांना छतच नाही, खरा प्रश्न हा आहे. सरकारी मदत हवी याला माझा पाठिंबा आहे पण हे भोक बुजवल्याशिवाय दिली तर ती फक्त वरची भर होईल.

म्हापसा बाजारपेठ

मी विरोधात आहे आणि स्पष्टच लिहितो. म्हापशात माझं दुकान आहे, महिन्याच्या महिन्याला जीएसटी भरतो, शुक्रवारच्या बाजारात घाम गाळून मिळवलेले पैसे आहेत ते. त्यातून आझिलो हॉस्पिटलात औषधं द्या, शाळांची छपरं करा, माझी ना नाही. उमेदवाराच्या झेंड्यांना का द्यायचे?

आणि गोव्यात तर मुळीच नको. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले. २०२२ ला काँग्रेसच्याच उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाजवळ (क्रॉसजवळ) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घेतल्या की आम्ही पक्ष सोडणार नाही, आणि सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. देवासमोरची शपथ टिकली नाही तिथे सरकारी अनुदानाची काय गोष्ट? माझ्या पैशाने एकाच्या विरोधात प्रचार करायचा, निवडून यायचं आणि सहा महिन्यांत त्याच्याच बाजूला जाऊन बसायचं. मतदार म्हणून एकदा फसलो ते फसलो, करदाता म्हणून परत फसायचं का?

शिवाय निवडणुकीत जो खरा पैसा फिरतो तो या गुलाबी-पिवळ्या पानांवर कधी येतच नाही. शेवटच्या दोन रात्री काय चालतं हे वाड्यावरच्या लहान पोरालासुद्धा माहीत असतं. सरकारने पत्रकांचे पैसे दिले म्हणून ती पाकिटं थांबणार आहेत का? उलट पत्रकांचे वाचलेले पैसेही पाकिटात जातील.

आणि नुसता पैसा ओतून मत मिळत नाही हेही वरच्याच आकड्यात आहे. ४७ कोटींवाल्यांची एकही सीट आली नाही. सांत आंद्रे मतदारसंघात मात्र आरजीचा, म्हणजे रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचा, नवखा उमेदवार ७६ मतांनी निवडून आला. तुमच्या दादाचं काम असेल तर लोक मत देतील ताई, कुळागराला हात लावू नका.

निवृत्त मास्तर डिचोली

बाय, तुझा प्रश्न वाचून जुनं आठवलं. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली निवडणूक झाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यावरची माणसं चुन्याच्या डब्यात काव कालवून चिऱ्याच्या गडग्यांवर सिंह, म्हणजे मगोची (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची) निशाणी, काढत होती, मी कंदील धरायला. सिंह कसला, मांजरासारखा दिसायचा, पण पोर्तुगीज राज्यात ज्यांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं त्या माणसांनी तो काढलेला होता. सभेला चालत जायचं, भाकरी बांधून. पैसा तेव्हाही होता हे लपवायचं कारण नाही, मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. पण मगोची ताकद कूळ-मुंडकार समाजाची होती आणि त्या समाजाने आपले पाय आणि आपला वेळ दिला, तेच मोठं भांडवल. आज पाय आणि वेळसुद्धा दिवसाच्या हिशोबाने विकत घेतात. या तालुक्यात खाणी जोरात होत्या तेव्हा निवडणुकीतला पैसाही जोरात होता, ट्रक-बार्जवाल्यांपासून सगळे त्यात ओढले गेले, आणि खाणी बंद पडल्यावरसुद्धा लोकांच्या अपेक्षा मात्र तशाच राहिल्या.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. विचार झालाय का? भरपूर झालाय. १९९० ला दिनेश गोस्वामी समितीने काही प्रमाणात मदत द्यावी, तीही वस्तूरूपाने, असं सुचवलं. नंतर १९९८ ला इंद्रजित गुप्त समिती झाली, ती तर याच एका विषयावर होती. गुप्त म्हणजे लोकसभेतले फार जुने खासदार, साधे राहणारे, सगळ्या पक्षांना त्यांच्याबद्दल आदर. त्यांच्या समितीने सांगितलं की सरकारने मदत करणं योग्य आहे, पण रोख पैसा देऊ नका, वस्तू द्या. गाडीला पेट्रोल-डिझेल, पत्रकांना कागद, टपाल तिकिटं, मतदार याद्यांच्या प्रती, लाऊडस्पीकर, मोजणीच्या दिवशी एजंटांचं जेवण. त्यासाठी वेगळा निवडणूक निधी काढा, केंद्राने मतदारामागे दहा रुपये घाला, राज्यांनी मिळून तेवढेच घाला. आयकर विवरण न भरणाऱ्या पक्षाला काही मिळणार नाही, अशीही अट होती.

पुढे १९९९ ला विधी आयोग म्हणाला, पूर्ण सरकारी खर्चाची कल्पना चांगली आहे पण पक्षांनी इतर ठिकाणचे पैसे घेणं बंद केलं तरच. आणि २०१५ ला विधी आयोगानेच सध्याच्या परिस्थितीत हे जमण्यासारखं नाही असं लिहिलं. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं हा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातोय.

एक मात्र सांगायलाच हवं, तुला वाईट वाटेल. गुप्त समितीची ती मदत फक्त मान्यताप्राप्त पक्षांच्या उमेदवारांना होती. अपक्षाला नाही.

कुळागरातली (फोंडा तालुका)

मास्तर, शेवटची ओळ वाचून खरंच गप्प झाले. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच वगळलं?

मग मी बसून आणखी शोधलं आणि जे जे मिळालं ते सगळं तसंच निघालं. मतदार याद्या मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला फुकट, अपक्षाने विकत घ्यायच्या. पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आकाशवाणी-दूरदर्शनवर प्रचाराचा फुकट वेळ १९९८ पासून आहे तोही मान्यताप्राप्त पक्षांनाच. मशीनवर नावंसुद्धा आधी मान्यताप्राप्त पक्षांची, अपक्ष शेवटी. निशाणी मिळते माघारीची मुदत संपल्यावर, २०२२ ला ती ३१ जानेवारीला संपली आणि मतदान १४ फेब्रुवारीला होतं, त्यातले शेवटचे दोन दिवस प्रचार बंद. म्हणजे बारा दिवसांत निशाणी छापायची आणि प्रत्येक घरात पोचवायची, सिंह-कमळ-हात वर्षानुवर्षं लोकांच्या डोळ्यासमोर आणि आमच्या दादाला कदाचित टॉर्च नाहीतर शिलाई मशीन!

आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे. कोणी पक्षाला देणगी दिली तर त्याला आयकरात पूर्ण सूट मिळू शकते. पक्षाच्या उत्पन्नालाही आयकर माफ. पण माझ्या मावशीने दादाला पाच हजारांचा चेक दिला तर तिला कसलीच सूट नाही. म्हापशाच्या भाऊंना सांगते, तुम्ही म्हणता करदात्याचा पैसा नको, पण तो सूट देऊन आत्ताच चाललाय की, फक्त तो मोठ्यांकडे चाललाय म्हणून दिसत नाही.

म्यूनिकचा म्हापसेकर

मी मूळचा म्हापशाचाच, बारा वर्षं जर्मनीत आहे. इथलं सांगितलं तर उपयोग होईल म्हणून लिहितोय, इथलं तसंच्या तसं गोव्यात आणा असं म्हणत नाही.

इथे पक्षांना सरकार पैसे देतं आणि लोकांना त्यात वावगं वाटत नाही. मिळालेल्या मतांमागे साधारण एक युरोच्या आसपास, आणि शिवाय पक्षाला सामान्य माणसांकडून जी वर्गणी-देणगी मिळते तिच्या प्रत्येक युरोमागे ४५ सेंट, पण एका माणसाचे वर्षाला ३३०० युरोपर्यंतचेच धरतात. म्हणजे एका शेठकडून लाख आणले तर सरकार त्या लाखावर भर घालत नाही, शंभर माणसांकडून थोडे थोडे आणले तर घालतं. मला यातलं हे सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. मास्तर म्हणतात ते पाय आणि वेळ, त्याला इथे सरकार असं बळ देतं.

आणि सरकारी पैसा पक्षाच्या स्वतःच्या कमाईपेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे पक्ष सरकारच्याच जिवावर जगू शकत नाही. सगळ्या पक्षांना मिळून वर्षाला देण्याच्या रकमेवरही मर्यादा आहे. २०१८ ला सत्ताधाऱ्यांनी ती वाढवून १९ कोटी युरोवर नेली, तर २०२३ च्या जानेवारीत इथल्या घटनात्मक न्यायालयाने ती वाढ रद्द केली, म्हणाले एवढी वाढ का हवी ते पटवून दिलं नाहीत. म्हापशाच्या भाऊंची भीती रास्त आहे, खुर्चीवर बसलेले स्वतःच्या पानात जास्त वाढून घेतात, पण त्यांचा हात धरणारं कोणी असेल तर धरता येतो.

ताई, तुमच्यासाठी मुद्दाम. इथे अपक्षालाही मतदारसंघात दहा टक्के मतं पडली तर मतामागे ठराविक रक्कम परत मिळते. शेजारी फ्रान्समध्ये तर पाच टक्के मतं मिळवणाऱ्या उमेदवाराला त्याने खिशातून केलेल्या खर्चातले पैसे परत मिळतात, खर्चमर्यादेच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत, आणि कंपन्यांच्या देणग्या तिथे १९९५ पासून पूर्ण बंद आहेत. पत्रकं सरकारच एका लिफाफ्यात घालून मतदाराच्या घरी पाठवतं.

हिशोबवाला बार्देस

लिफाफ्याचं वाचून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

उत्तर प्रदेशात एका विधानसभा मतदारसंघात साडेतीन लाखांच्या वर मतदार, खर्चाची मर्यादा ४० लाख. मतदारामागे अकरा रुपये पडतात. आपल्याकडे मतदारसंघ एकोणतीस-तीस हजारांचा, मर्यादा २८ लाख, म्हणजे मतदारामागे शहाण्णव-सत्त्याण्णव रुपये. एवढे छोटे मतदारसंघ आपले आणि मतदारामागे खर्च करायची मुभा तिथल्या जवळजवळ नऊ पट. मग इथे लहान उमेदवार टिकणार कसा?

पण याच लहानपणाचा फायदाही आहे. तीस हजार मतदार म्हणजे घरं धरली तर सात-आठ हजार. निवडणूक कार्यालयाने एक पुस्तिका काढावी, प्रत्येक उमेदवाराला एक पान, पक्षाचा असो नाहीतर अपक्ष, सगळ्यांना सारखंच, मराठी, कोकणी, इंग्रजी. मतदार स्लिप वाटायला बीएलओ (बूथचा निवडणूक कर्मचारी) तसाही घरोघर येतोच, त्याच फेरीत ही पुस्तिका द्यायची. त्याच्याबरोबर प्रत्येक पंचायत सभागृह प्रचाराच्या दिवसांत उमेदवारांना पाळीपाळीने मोफत, माईक-खुर्च्यांसकट. एकाच व्यासपीठावर सगळे उमेदवार बसवून प्रत्येक गावात एक सभा. रोख एक पैसासुद्धा कोणाच्या हातात जात नाही. आपल्या राज्याचं बजेट पंचवीस हजार कोटींच्या वर आहे, त्यात चाळीस मतदारसंघांच्या पुस्तिका छापणं म्हणजे काहीच नाही, समजा चाळीसही मतदारसंघांत तीन-तीन उमेदवारांना मर्यादेएवढे २८ लाख रोख द्यायचे ठरवले तरी ३३ कोटी ६० लाख होतात आणि एका पक्षाने त्याहून जास्त उडवले होते.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. ज्यांचं काम मी करत होतो ते शिक्षक होते, चांगला माणूस. त्या हंगामात मोक्याचे सगळे होर्डिंग आधीच बुक, भाड्याच्या गाड्या बुक. छापखान्यात आमची पत्रकं मोठ्या ऑर्डरींच्या मागे पडली, मिळाली मतदानाला चार दिवस असताना, आणि त्यातही मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापायचं राहून गेलं होतं, ते कायद्याने सक्तीचं असतं म्हणून एकही वाटता येईना. मी आणि त्यांची मुलगी रात्री अडीचपर्यंत ओटीवर बसून रबरी शिक्का मारत होतो. सकाळी विचारलं तर कळलं की शिक्का चालत नाही, छापीलच पाहिजे, ती सगळी पत्रकं तशीच पडून राहिली. ते हरले, डिपॉझिटचे दहा हजारही गेले. निवडणुकीनंतर ते माझ्या घरी आले ते फक्त पेट्रोलपंपाची उधारी किती राहिली ते विचारायला. ती त्यांनी सात महिने पगारातून फेडली. परत कधी उभे राहणार नाहीत ते, आणि त्यांच्याकडे बघून त्यांच्या गावातला दुसरा कोणीही उभा राहणार नाही.

म्हापसा बाजारपेठ

हे शेवटचं वाचून दुकानात बसल्या बसल्या बराच वेळ विचार केला. पुस्तिकेला आणि पंचायत सभागृहाला माझा विरोध नाही. सगळ्यांना सारखं एक पान आणि रोख नाही, एवढं असेल तर माझे पैसे घ्या. उमेदवार काय म्हणतो ते मलाही घरबसल्या वाचायला मिळेल, आता फक्त कर्णे ऐकायला मिळतात.

पण दोन अटी मी सोडणार नाही. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा घाला आणि ती मतदारसंघाच्या आकाराप्रमाणे घाला. आणि सरकारी मदतीवर निवडून आलेल्याने पक्ष बदलला तर त्याच्यावरचा सगळा खर्च व्याजासकट वसूल करा आणि पुढची निवडणूक त्याला मदतीशिवाय. दोन तृतीयांशांनी मिळून गेले म्हणून कायद्याने आमदारकी वाचत असेल तर वाचू दे, पैसे तरी परत द्यावे लागतील.

मावशीच्या पाच हजारांचं ताई तुमचं बरोबर आहे, ते मला माहीत नव्हतं. सूट द्यायची तर दोघांना द्या नाहीतर कोणालाच नको.

निवृत्त मास्तर डिचोली

पाकिटांचा मुद्दा राहिलाच, त्याच्यावर कोणी बोललं नाही. म्हापशाचे भाऊ म्हणाले की मदत दिली तरी पाकिटं थांबणार नाहीत. खरं आहे, नाही थांबणार. मी मतदान अधिकारी म्हणून अनेक निवडणुका केल्या, केंद्राच्या आत सगळं शिस्तीत असतं, जे व्हायचं ते आदल्या रात्री बाहेर होऊन गेलेलं असतं. पण एका केंद्रावर एक म्हातारी मतदान करून बाहेर पडताना मला म्हणाली होती, "मास्तर, घेतलं सगळ्यांकडून, दिलं मनातल्याला." मनातला माणूस यादीत असला तरच ती तसं करू शकते, बाय. तोच पैशाअभावी उभा राहिला नाही तर तिच्यापुढे सगळे पाकीटवालेच उरतात.

इलेक्टोरल बॉण्डच्या वेळीही मी हेच म्हणत होतो. २०१८ ते २०२४ देणारा कोण ते सामान्य माणसाला कळतच नव्हतं, १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं आणि मग यादी बाहेर आली. पक्षाला पैसे कोण देतं हे कळणं हा मतदाराचा हक्क आहे असं कोर्टाने म्हटलं. तुझ्या दादाने हे पहिल्या दिवसापासून करावं. कोणी किती दिले ते देवळाच्या फळ्यावर लिहावं.

कुळागरातली (फोंडा तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं मी काल रात्री दादाला आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शिक्षकांच्या पेट्रोलपंपाच्या उधारीपाशी आले तेव्हा दादा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ माडांत फिरत होता. आत आला तेव्हा म्हणाला, कुळागर गहाण नाही. आईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाली, मग लोकांकडे माग, लाजायचं नाही.

येत्या रविवारी देवळाच्या मांडवात बैठक बोलावली आहे. दादा आधीच सांगणार की मी खर्च किती करणार, आठ लाखांच्या वर एक रुपया जाणार नाही, आणि जे उभा राहा म्हणतायत त्यांनी चेकने किंवा यूपीआयने जमेल ते द्यावं. मास्तरांचा फळा पक्का, जुना शाळेतला आहे आमच्याकडे, रंगवून घेतोय. पुस्तिकेची कल्पना निवेदन करून मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचं ठरवलंय, हिशोबवाले दादा तुम्ही मसुदा बघाल का? म्हापशाच्या भाऊंच्या अटीही घालते त्यात, पक्ष बदलल्यास वसुलीचं कलम तर दादाने स्वतःहून लिहायला सांगितलंय.

आणि एक विचारायचं होतं, खर्चाचं बँक खातं दादाचं आणि माझं मिळून चालेल का? हिशोब मीच ठेवणार आहे.

हिशोबवाला बार्देस

मसुदा पाठवा, बघतो. खात्याचं असं आहे, घरातल्या माणसाबरोबर जॉइंट खातं चालत नाही, पण ते माणूस निवडणूक एजंट असेल तर चालतं. तेव्हा आधी तुमची नेमणूक एजंट म्हणून करून घ्या. खातं अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं पाहिजे. रविवारी जे पैसे जमतील ते त्या खात्यातूनच फिरवायचे, एका माणसाकडून रोख दहा हजारांच्या वर घेऊ नका. आणि पत्रकं छापायला देताना मुद्रक-प्रकाशकाचं नाव स्वतः वाचून बघा, छापखान्यातून उचलायच्या आधी.